लेसर कापेना म्हणून लगेच ट्यूब बदलू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवाआधीचे दोन महिने म्हणजे लेसर कटिंगवाल्यांची सुगी. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, मखराचं बरंच काम एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) आणि अ‍ॅक्रिलिककडे वळलं आणि गल्लीबोळांत लेसर मशिनं बसली. नेमकी याच दिवसांत एक तक्रार कानावर येते. मशिन चालतंय, रेघ उमटतेय, धूरही निघतोय, पण शीट सुटत नाही. कमळाची पाकळी मागून अंगठ्याने ढकलावी लागते आणि देठाशी तुटते. दुरुस्तीवाला येतो, झाकण उघडतो आणि सांगतो, ट्यूब (लेसरचा किरण तयार करणारी काचेची नळी) गेली. नवी ट्यूब बसते, हजारो रुपये जातात, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आमचं म्हणणं एवढंच, की ट्यूबवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. ट्यूबमधून निघालेला किरण तीन आरसे आणि एक लेन्स पार करून शीटवर पोचतो. वाटेत कुठेही गळती झाली तरी वर दिसणारं लक्षण एकच. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. बेडवर, म्हणजे शीट मांडायच्या तळावर, सगळीकडे कापत नाही की एखाद्याच कोपऱ्यात? आणि मशिन बिघडलंय की माल बदललाय?

मालाचा प्रश्न सोडवायला एक साधी सवय पुरते. जी शीट नीट कापली गेली तिचा वीतभर तुकडा, त्यावर वेग आणि पॉवरचे टक्के पेनाने लिहून, कोरड्या जागी ठेवून द्यायचा. आज तोच तुकडा त्याच सेटिंगवर आरपार कापला गेला, तर मशिनला नावं ठेवू नयेत. ३ मिमी एमडीएफ म्हणून मिळणाऱ्या दोन शीटांत घनता आणि डिंक वेगळे असतात, आणि पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली शीट ओल धरते. प्लायवूडची तर वेगळीच तऱ्हा. वॉटरप्रूफ प्लायमधला फिनॉलचा काळपट गोंद किरणाखाली कापला न जाता कोळसा होतो, आणि मधल्या थरात गाठ किंवा गोंदाचा गोळा आला की तेवढीच जागा अडते. असं प्लाय ट्यूब बदलून कापलं जात नाही. दुकानदाराकडे आतल्या कामासाठीचं, युरिया गोंदाचं प्लाय मागावं.

ट्यूबच्या जवळच्या कोपऱ्यात छान कापतं आणि समोरच्या टोकाला अडतं, असं असेल तर आरशांची जुळणी सरकली आहे. पहिल्या आरशाची जुळणी पाहताना दुसऱ्या आरशाच्या तोंडावर मास्किंग टेप लावायची, गँट्री (कापणारं हेड वाहून नेणारा आडवा दांडा) ट्यूबच्या जवळ आणून १५-२० टक्क्यांवर एक क्षणभर पल्स द्यायचा, मग गँट्री लांबच्या टोकाला नेऊन त्याच टेपवर दुसरा. दोन्ही ठिपके एकावर एक पडले पाहिजेत. सरकले असतील तर पहिल्या आरशामागचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवायचे. दुसऱ्या आरशाला स्क्रू लावून पहिल्याची चूक झाकायला गेलं की अख्खा दिवस जातो. मग अशीच चाचणी हेड जवळ-लांब नेऊन दुसऱ्या आरशासाठी, आणि शेवटी लेन्सखालच्या नोझलच्या तोंडाला टेप लावून तिसऱ्यासाठी. कापलेल्या अ‍ॅक्रिलिकची कड एका बाजूला तिरकी येत असेल तर दोष बहुधा इथेच: किरण लेन्सच्या मधून जात नाही किंवा नोझलच्या कडेला घासतोय. हा किरण १०.६ मायक्रॉनचा, डोळ्यांना अजिबात न दिसणारा. त्यामुळे पल्स देताना झाकण बंद आणि हात बाहेर, यात सवलत नाही.

आता लेन्स. कापत नसण्याचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. मशिन बंद करून दहा मिनिटं थांबावं, लेन्स काढावी आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहावी. झिंक सेलेनाइडची लेन्स मुळातच मधासारखी पिवळी असते. तो मळ समजून घासत बसू नये. शोधायचा असतो तो मधोमध, तांदळाच्या कणीएवढा तपकिरी डाग. एमडीएफच्या धुरातली राळ तिथे बसते, किरण तिथे अडतो, लेन्स तापते, तापल्यावर आणखी राळ जळून चिकटते. स्वच्छ लेन्स काम झाल्यावर गार लागते. साफ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला इअरबड मधून बाहेर हलक्या हाताने फिरवायचा आणि एका फेरीनंतर फेकून द्यायचा. शर्टाचं टोक आणि रंगाचं थिनर लांब ठेवावं. डाग निघत नसेल किंवा लेन्सवरचा लेप उडाला असेल तर लेन्स बदलावी, ट्यूबच्या मानाने ती फारच स्वस्त आहे. फुटलीच, तर तुकडे उघड्या हाताने गोळा करू नयेत, सेलेनियम विषारी असतं.

साफ केल्यावर लेन्स उलटी बसवली जाते, ही चूक तर फारच नेहमीची. फुगीर बाजू वर आणि सपाट बाजू मालाकडे. उलटी बसली तर रेघ जाड येते, खोली कमी होते आणि पुन्हा ‘ट्यूब गेली’.

फोकससाठी मशिनबरोबर आलेल्या गेजवर (अंतर मोजायच्या ठोकळ्यावर) डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण लेन्स किंवा नोझल बदललं की तो खोटा पडतो. फूटभर एमडीएफची पट्टी घ्यावी, एक टोक बेडवर आणि दुसरं साधारण १५ मिमी उचललेलं, नोझल आपटणार नाही याची खात्री करून लांबीभर एक हलकी रेघ मारावी. रेघ जिथे सर्वांत बारीक, तिथे नोझल आणि पट्टी यांच्यातलं अंतर मोजावं. तोच तुमचा गेज. ६ मिमी किंवा जाड मालात फोकस पृष्ठभागावर न ठेवता एक-दोन मिमी आत उतरवावा. शीट पापडासारखी वाकलेली असेल तर हे सगळं फुकट; मध्ये २ मिमी जरी वर आली तरी तिथे सुटणार नाही. कडेला लोहचुंबक ठेवून ती बेडला बसवावी.

मखराच्या जाळीत आणखी एक घोटाळा होतो आणि तो सॉफ्टवेअरमध्ये लपलेला असतो. लांब सरळ रेघ आरपार जाते, पण जाळीचे बारीक गोल आणि कोपरे अडतात. रुइडा कंपनीचा कंट्रोलर (मशिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) असलेल्या मशिनवर किमान आणि कमाल असे पॉवरचे दोन आकडे असतात. वेग ठरलेल्या आकड्याला पोचला तरच कमाल पॉवर मिळते; वळणावर हेड मंदावलं की पॉवर किमान आकड्याकडे उतरते. ५ मिमीच्या गोलात हेड वेग घेतच नाही, म्हणजे तो गोल जवळजवळ किमान पॉवरवरच कापला जातो. कमाल ६५ आणि किमान १५ ठेवलं असेल तर जाळी सुटणार कशी? किमान आकडा पाच-पाचने वाढवत, कोपरे जळायला लागायच्या आत थांबावं. पण किमान-कमाल सारखेच ठेवले तर कोपऱ्यात काजळी आणि खड्डा येतो, तोही ग्राहकाला चालत नाही. त्यापेक्षा जाळीचा एकूण वेग कमी करणं बरं.

हवेबद्दल थोडक्यात. एमडीएफला नोझलमधून जोरदार हवा हवी, नाहीतर खाचेतला धूरच किरण गिळतो. अ‍ॅक्रिलिकला उलट मंद हवा पुरते, जास्त झाली की चकचकीत कड पांढुरकी होते. कॉम्प्रेसर वापरत असाल तर पाणी वेगळं करणारा फिल्टर लावाच, पावसाळ्यात त्यातले थेंब थेट लेन्सवर जातात. खालची हनीकोंबची जाळी राळेने बुजली असेल तर धूर जायला वाट नाही.

पाण्याचा मुद्दा मात्र आपल्याकडच्या हवेचा आहे आणि परदेशी पुस्तिकेत तो सापडत नाही. काचेच्या ट्यूबला गार पाणी लागतं, साधारण १५ ते २५ अंश. ३० च्या वर गेलं की ताकद चांगलीच घटते. पुष्कळ मशिनांबरोबर येणारा सीडब्ल्यू ३००० हा डबा नावाला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, आहे. त्यात कॉम्प्रेसर नाही, फक्त पंखा आणि जाळी. खोलीत ३८ अंश असतील तर पाणी ३८ च्या खाली जाणं शक्यच नाही. मे महिन्यात नागपुरात सकाळी कापणारं मशिन दुपारी अडलं तर ट्यूब नव्हे, डबा दोषी. सीडब्ल्यू ५०००, ५२०० मध्ये कॉम्प्रेसर असतो, ते खरे चिलर.

कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये गोष्ट उलटी. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू, म्हणजे दव धरायला लागतं ते तापमान, जवळपास २७ अंशांवर असतो. अशा वेळी चिलर १८ वर लावला की गार ग्लासावर धरतं तसं दव ट्यूबवर धरतं. किरण बाहेर पडतो त्या टोकाच्या आरशावरही धरतं, तिथे किरण शोषला जातो आणि लेप तडकतो. विजेच्या टोकाला ओल आली की वीस हजार व्होल्टच्या वर दाब असलेली ठिणगी बाहेर उडी मारते. अशा हवेत पाणी दवबिंदूच्या किंचित वर, २८ च्या आसपास ठेवावं, नाहीतर खोलीत एसी लावून दारं बंद करावीत. आणि पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं पाणी वीज वाहून नेतं, शिवाय क्षार धरून ट्यूबची आतली वाट अरुंद करतं. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा अडकला असेल तर पाणी बाहेर पडायची नळी वरच्या बाजूला येईल अशी ट्यूब फिरवावी.

एवढं सगळं पाहून झालं तर ट्यूबकडे वळू. इथे ट्यूबमधला करंट दाखवणारा मिलीअँपिअरचा मीटर लागतो, आणि आम्हाला राग आहे तो याचा, की मशिन विकणारे पुष्कळदा तोच काढून टाकतात. पडद्यावरचे टक्के म्हणजे मागणी. मीटर सांगतो पुरवठा. ६० वॅटच्या ट्यूबला रोजच्या कामात २० मिलीअँपिअरच्या वर जाऊ नये. नेहमीच्या टक्क्यांवर करंटच कमी आला किंवा काटा थरथरला तर पॉवर सप्लाय किंवा कंट्रोलरची तार तपासावी. करंट बरोबर आहे आणि तरी कापत नाही, तर पहिल्या आरशाच्या आधी १५-२० मिमी जाड अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा ठेवून ठरावीक सेकंदांचा एकच शॉट घ्यावा. मशिन नवं असताना घेतलेल्या शॉटइतकाच खोल, गोल शंकू पडला तर ट्यूब ठणठणीत आहे, गळती पुढे कुठेतरी आहे. खड्डा उथळ असेल किंवा मध्ये उंचवटा राहून कंकणासारखा पडला तर ट्यूब खरंच थकली. ही चाचणी जाणकारानेच करावी, ट्यूबच्या लाल तारेतला दाब जीव घेतो.

ट्यूब थकते ती आतल्या वायूंमुळे. कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचं हे मिश्रण. १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये असताना हा कार्बन डायऑक्साइड लेसर शोधणारे कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, हे आपल्या कारागिरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. हेलियम सांध्यांतून हळूहळू निसटतो, त्यामुळे गोदामात पडून राहिलेली ट्यूबही म्हातारी होते. करंट वाढवून जोर काढत राहिलं तर ती आणखी लवकर जाते.

काही वेळा दोष कुठेच नसतो, अपेक्षाच चुकलेली असते. घरगुती निळा डायोड लेसर साधारण ४५० नॅनोमीटरचा. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून तो खिडकीतून ऊन जावं तसा निघून जातो, कितीही पास मारा. आणि सनबोर्ड म्हणून मिळणारी पीव्हीसी फोम शीट कापत नाही म्हणून पॉवर वाढवणाऱ्यांनी हात आवरावा. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, फुप्फुसं जाळतो आणि आठवड्याभरात मशिनच्या रुळांवर गंज चढवतो.

मशिन विकणाऱ्यांकडे आमची मागणी तीन गोष्टींची आहे: मिलीअँपिअर मीटर बसवलेला असावा, बसवणीच्या दिवशी मारलेला अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा तारीख आणि करंट लिहून ग्राहकाच्या हाती द्यावा, आणि वरची तपासणी मराठीत छापून झाकणाच्या आत चिकटवावी. ट्यूब बदलायची वेळ आलीच तर ग्राहकानेही लेबलवरची उत्पादनाची तारीख पाहावी, आणि नव्या ट्यूबचा शॉट त्याच ठोकळ्यावर जुन्या खड्ड्याशेजारी मारून घेतल्यावरच पैसे मोजावेत.

आपले,
लेसर कटिंग व मशिन दुरुस्तीच्या व्यवसायातील काही कारागीर, पुणे