पार्किंगमधला स्विमिंग पूल आणि त्याच्या खालचं अस्तर

संपादक महोदय, स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पोरांसाठी फ्रेमचे पूल उभे राहतात, छानच आहे, पण बरेच जण ते थेट कोब्यावर नाहीतर पेव्हर ब्लॉकवर मांडतात आणि मग पाणी कुठून गळतंय म्हणून सगळ्या बाजू तपासत बसतात, भोक असतं तळाला. ३ बाय २ मीटरच्या पुलात २ फूट पाणी म्हणजे साडेतीन हजार लिटरच्या वर, साडेतीन टन वजन झालं ते. मातीत खडा असला तर तो खाली रुततो, कोब्यावर त्याला जायला जागाच नाही, लायनरमध्येच, म्हणजे पुलाच्या प्लास्टिकच्या अस्तरातच घुसतो, वरून पोरांच्या उड्या.

सोबत मिळणारी पातळ ग्राउंड शीट यासाठी पुरत नाही. आधी जागा नीट झाडा, मग पूर्ण जागेवर हात फिरवा, हाताला जे टोचतं ते लायनरला टोचणारच. भिंतीच्या गिलाव्याचे वाळलेले थेंब हमखास सापडतात, ते पटाशीने खरवडून काढा. त्यावर ईपीई फोमची (पॅकिंगला वापरतात तो मऊ फोम) शीट, सेंटीमीटरभर जाडीची तरी, जोडांवर चिकटपट्टी आणि चहूबाजूंनी वीतभर जास्त. पुठ्ठा, गोणपाट नको, ओलीने कुजतं. फ्रेमच्या पायांखाली फळीचे गुळगुळीत तुकडे ठेवा नाहीतर पाय फोममध्ये रुततात आणि फ्रेम वाकडी होते. पाणी इंचभर चढलं की थांबून सुरकुत्या बाहेर सारा, नंतर त्या हलत नाहीत. आणि पार्किंगला उतार असतो हे विसरू नका, फोमने तो जात नाही, सपाट जागाच शोधा.

गच्चीवर मात्र कृपा करून पूल लावू नका. वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर भार धरलाय आणि २ फूट पाण्याचा भार होतो ६०० किलो, तिथे फोम घालून काहीच उपयोग नाही, प्रश्न स्लॅबचा आहे.

ऐन मे महिन्यात, टँकर मागवायची वेळ आलेली असताना एवढं पाणी गटारात जाताना बघवत नाही हो. दुकानदारांनी पूल विकतानाच गिऱ्हाइकाला विचारावं, कुठे लावणार? आणि फरशी, कोबा म्हटला की फोम सोबतच द्यावा, पुलाच्या मानाने त्याची किंमत काहीच नसते.

आपला,
एक वाचक, ठाणे