श्रोत्यालाही परवानगीच्या कागदात जागा द्या: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवार-रविवारी कोल्हापुरात दोन दिवसांचा संगीत महोत्सव झाला. त्याचं आणि आयोजकांचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. कुणा एकाला चौकात उभं करायचं म्हणून हे पत्र नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते, हे महोत्सवांना जाणारा कुणीही सांगेल. मी एका पतसंस्थेत कारकुनी करते. गाणं ऐकण्याचं वेड जुनं, आणि तिकीट स्वतःच्या पैशाचं. पास मागून जाणाऱ्यातली मी नाही.

आधी आनंद सांगते, नाहीतर आपल्याला वाटेल बाई रडगाणं घेऊनच बसल्या.

शनिवारी रात्री आम्ही, म्हणजे मी आणि गडहिंग्लजहून आलेली माझी भाची, डाव्या बाजूच्या कठड्याला चिकटून उभ्या होतो. तिथून रंगमंचाची मागची बाजू अर्धी दिसायची. पुण्याचा एक बँड वाजवत होता आणि त्यांनी मधल्या एका तुकड्यासाठी आपल्या भागातले एक हलगीवाले काका बोलावले होते. थंडीचे दिवस, दव पडायला लागलेलं, त्यामुळं हलगीचं कातडं सैल पडलेलं. काकांनी पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्राचे बोळे पेटवले आणि हलगी त्यावर धरून फिरवायला लागले. बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा जाळावर धरायची. तेवढ्यात सुरक्षेचा एक पोरगा धावत आला. ‘ओ काका, इथं जाळ करायचा नाही.’ काकांनी मान वर न करता विचारलं, ‘मग वाजायची कशी, तू सांग.’ पोराकडं उत्तर नव्हतं. तो डबा विझेपर्यंत शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला, हे मला फार आवडलं. नियमही पाळला गेला, हलगीही तापली.

आणि मग काका वर चढले. पहिली थाप पडली आणि शिट्ट्या अशा सुटल्या की खासबागेच्या कुस्ती मैदानात कुणीतरी घिस्सा डाव मारून कुस्ती चीतपट केली असावी. बँडचा ड्रमर दोन आवर्तनं वाजवून थांबलाच. काठ्या मांडीवर ठेवून नुसता ऐकत बसला. भाचीचा घसा त्याच रात्री बसला. माझ्या मागे एक आजोबा होते, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी; ते नातवाला खांद्यावर घेऊन, वय विसरून नाचत होते. कोल्हापुरात ‘नाद खुळा’ हे आम्ही उठसूट म्हणतो, पण त्या रात्री ते म्हणण्याजोगं होतं.

हे शहर गाण्याला नवखं नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. गायन समाज देवल क्लब इथे १८८३ पासून आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादिया खाँसाहेब इथेच राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावातून पुढे गेली. १९१५ साली महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच आमचं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून डोळे पुसणाऱ्या माणसांत नाटकवाल्यांइतकीच साधी तिकीट काढणारी माणसंही होती. असं गाव तिकीट काढून येतं, तेव्हा त्याला कसं वागवलं जातं, ते आता सांगते.

रविवारचा मुख्य गायक सात वाजता येणार असं वेळापत्रकात छापलं होतं. तो आला सव्वानऊनंतर. मधल्या वेळात काय झालं? दीपप्रज्वलन झालं. मग प्रायोजकांचा सत्कार, मग पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांच्या सोबत आलेल्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटे. निवेदक प्रत्येकाच्या आधी ‘विशेष म्हणजे’ म्हणत होता आणि हजारो माणसं पाय बदलत उभी होती. शेवटी गायक आला, दोन-तीन गाणी झाली, लोक नुकतेच रंगात आले आणि दहाच्या ठोक्याला, कडव्याच्या मध्यात, आवाज बंद. ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मग व्हायचं तेच झालं. शिव्या पोलिसांना पडल्या.

महोदय, दहाच्या नियमावर माझा राग नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हे ठीकच आहे. मैदानापलीकडं वस्ती आहे, दहावी-बारावीची पोरं आहेत, गोठे आहेत. त्यांनी तिकीट काढलेलं नाही. पण सातचा कार्यक्रम नऊला सुरू करणाऱ्याला त्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही, ती श्रोता मोजतो, हे मात्र चुकतं. म्हणून एक विनंती थोडी धीटपणे करते: तिकीट लावलेल्या मैफलीत सत्कार बंद करा. आपणही या, पुढच्या रांगेत बसा, गाणं ऐका. श्रीफळ नंतर घरी पोचवता येतं. आणि याच नियमांत राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देता येते. ते दिवस गणपती, नवरात्र अशा सणांत जातात, जायलाच हवेत. त्यातला एखादा दिवस जिल्ह्यात गाण्यासाठी ठेवता येईल का, एवढं पाहावं.

बाकीचं भरभर सांगते. गेटवर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. आत पिण्याच्या पाण्याचे नळ होते, पण एका कोपऱ्यात, आणि तिथली रांग पाहून लोक साठ रुपयांची बाटली घेत होते. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत मी उभी राहिले तेव्हा एक गायिका रंगमंचावर येत होती, बाहेर आले तेव्हा ती निरोप घेत होती. आत दिवा नव्हता, मोबाईलचा उजेड एकमेकींना धरत होतो. व्हीलचेअरवरचा एक मुलगा खडबडीत रानातून दोघांनी उचलून आणला. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सांस्कृतिक कार्यक्रमांपर्यंत पोचण्याचा हक्क आहे, तो त्या दोन मित्रांच्या दंडांवर उभा होता. खाण्यापिण्याला रोख पैसे चालत नव्हते. मनगटाच्या पट्टीत पैसे भरायचे आणि तीच दाखवायची. माझ्या पट्टीत तीनशे चाळीस रुपये उरले. ते परत कसे मिळतात हे विचारलं तर ‘मेल करा’. मेल केला. अजून उत्तर नाही.

कानांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्याबद्दल कुणी बोलतच नाही. सोमवारी कामावर काऊंटरच्या पलीकडचा खातेदार काय म्हणतोय ते मला नीट ऐकू येत नव्हतं, कानात सतत शिट्टी. भाचीचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी मानक काढलं आहे: पंधरा मिनिटांच्या सरासरीत आवाज १०० डेसिबलच्या वर नको, मोजणारं यंत्र सतत चालू हवं, कानात घालायचे बोळे श्रोत्याला मिळावेत, आणि कान विसावायला एक शांत जागा असावी. यातलं काहीच अवघड नाही. आपल्याकडं मैदानाबाहेरच्या माणसाला किती ऐकू जावं याचा नियम आहे. आतल्या माणसाच्या कानाचा विचार कुणी करायचा?

खरी भीती वाटली ती निघताना. आवाज बंद झाल्यावर सगळे एकदम निघाले आणि बाहेर जायला एकच गेट उघडं. दुसऱ्या गेटला साखळी, आणि किल्ली असणारा माणूस सापडेना. मी भाचीचा हात धरला होता तो सुटला. दोन-तीन मिनिटं छाती दाबली गेली. कुणीतरी मोठ्यानं ‘थांबा रे, लहान पोरं आहेत’ ओरडलं, पुढचे थांबले आणि निभावलं. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी असंच झालं होतं. पाऊस आला, बाहेरचे लोक आडोशाला आत घुसले, उतारावरच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली आणि चार तरुण जीव गेले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं गर्दीच्या कार्यक्रमांसाठी मार्गदर्शिका २०१४ सालीच काढून ठेवली आहे. साखळी लावलेलं गेट हा प्रश्न ज्ञानाचा नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तिथं जाऊन ती साखळी पाहणारं कुणी नाही, हा प्रश्न आहे.

आणि गेटाबाहेर काय? पार्किंग म्हणजे ऊस तुटून गेलेलं रान. उसाची बुडखी भाल्यासारखी वर आलेली, अंधारात चपला फाटल्या, कितीतरी गाड्यांची चाकं बसली. केएमटीच्या, म्हणजे शहर वाहतुकीच्या, बसगाड्या तोवर बंद झाल्या होत्या. रिक्षावाल्यांनी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. ज्यांच्याकडं दुचाकी होती ते कागल, इचलकरंजी, निपाणीकडं निघाले, आणि हंगाम गाळपाचा. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आमच्या जिल्ह्यात त्या ट्रॉल्यांना धडकून दर हंगामात माणसं मरतात हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. दोन दिवस न झोपलेली, कान बधिर झालेली विशीतली पोरं रात्री त्याच रस्त्यावर सोडून द्यायची? अहमदाबादला २५ आणि २६ जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले तेव्हा पश्चिम रेल्वेनं मुंबईहून खास गाड्या सोडल्या होत्या, तिथली मेट्रोही रात्री उशिरापर्यंत चालली. कोल्हापूरला तशा खास रेल्वेगाड्या नकोत. महोत्सवाच्या दोन रात्री मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जादा बस आणि साखर कारखान्यांना सांगून दोन तास त्या रस्त्यानं ट्रॉल्या थांबवणं, इतकंच पुरे.

हे सगळं मी आपल्याला का लिहिते, आयोजकांना का नाही, असं विचाराल. आयोजकांनाही लिहिलंय. पण पाचशे रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन हजारांच्या तिकिटावर ३६० रुपये, त्यातले निम्मे राज्याचे. म्हणजे त्या रात्रीच्या गल्ल्यात सरकारचाही वाटा आहे, आणि वाटा असणाऱ्यानं साखळी लावलेल्या गेटाकडं पाठ फिरवू नये. आज अशा कार्यक्रमाला पोलिसांची परवानगी लागते, अग्निशमन दलाचा दाखला लागतो, लाऊडस्पीकरची लेखी परवानगी लागते. पण पाणी किती माणसांमागे किती, बायकांची स्वच्छतागृहं किती, लोक घरी कसे जाणार, कलाकार आला नाही किंवा वेळ अर्धी झाली तर पैशांचं काय, याची उत्तरं परवानगी मागतानाच लेखी द्यावी लागली तर निम्मं दुखणं तिथंच थांबेल. आपल्या खात्यानं गृह आणि नगरविकास खात्यांना सोबत घेऊन तसा एक नमुना अर्ज काढावा आणि भरलेला अर्ज गेटवर लावायला लावावा. सोबत आयोजकांकडून अनामत रक्कम घ्यावी. मनगटाच्या पट्टीतले उरलेले पैसे पंधरवड्यात परत गेले नाहीत तर त्यातून द्यावेत.

ग्राहक आयोगाकडं जा, असं कुणी सुचवेल. मला ठाऊक आहे. २०१९ च्या कायद्यात मनोरंजन ही सेवाच धरली आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, १९१५ हा मदतीचा क्रमांकही आहे. पण तीनशे चाळीस रुपयांसाठी रजा टाकून तारखांना कोण जाणार? आयोजकाचा हिशेब नेमका याच उत्तरावर बसलेला असतो. माझ्यासारखे कितीतरी जण उरलेले पैसे मनगटावरच्या पट्टीत घेऊन घरी गेले असतील.

एक भीतीही आहे, ती लपवत नाही. अशी पत्रं वाचून सरकार कधीकधी सोपा रस्ता धरतं आणि परवानग्याच नाकारतं. कृपया तसं करू नका. त्या हलगीवाल्या काकांना एरवी लग्नाच्या वरातीत आणि कुस्तीच्या फडात वाजवून जे मिळतं त्यात आणि त्या रात्रीच्या मानधनात फरक असणार, आणि त्यांच्यासमोर काठ्या खाली ठेवणारा ड्रमर त्यांना एरवी कुठं भेटला असता? भाची सोमवारी गडहिंग्लजच्या एसटीत बसली तेव्हा घसा बसलेला, चप्पल फाटलेली, आणि तरी पुढच्या वर्षीचंच बोलत होती.

त्या पुढच्या वर्षीची तिकिटं बुधवारी विक्रीला आलीसुद्धा. ‘लवकर घ्या, स्वस्तात घ्या’ म्हणून रोज मेसेज येतो, माझ्या तीनशे चाळीस रुपयांच्या मेलला मात्र उत्तर नाही. भाची दोन तिकिटं काढायला निघाली होती, तिला म्हटलं, थोडं थांब, मंत्र्यांना पत्र लिहिलंय. ही सवलत महिनाअखेरीपर्यंत आहे. त्याच्या आत आपल्याकडून काही कळलं तर बरं होईल.

आपली,
तिकीट काढून येणारी एक श्रोती,
कोल्हापूर