हस्ताचा पाऊस

प्रिय बाळा,

ख्रिस्तात सलाम.

रविवारी रात्री फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, मी प्रार्थना बंद केलीय. तुम्ही आणि मम्मी करता तेवढी पुरे." मी काहीतरी पुटपुटलो, जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला. त्याला आज चार दिवस झाले. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबतो आणि तेच वाक्य कानात येतं. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलोय. मम्मी झोपली आहे.

आधी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहिण्याचा मला हक्क नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये जॅमचा, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला, तुला रँक मिळाली आणि त्याच रविवारी मी चर्चच्या उपासनेत साक्षीच्या वेळी, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उठून उभा राहिलो. प्रभूने माझ्या लेकीसाठी आयआयटीचं दार उघडलं, असं सगळ्या मंडळीसमोर सांगितलं. अजून प्रवेशाची एकही यादी लागली नव्हती. तू शेजारी बसून माझा शर्ट ओढत होतीस, ते मला कळलं होतं, तरी मी बोलत राहिलो. मग मे गेला, जून गेला, एकेक राऊंड झाला आणि शेवटच्या यादीतही तुझं नाव आलं नाही. लोक प्रेमानेच विचारायचे, "मग, कधी निघणार बाई?" उत्तर मात्र प्रत्येक वेळी तुला द्यावं लागलं. तू मागच्या बाकावर बसायला लागलीस, मग उशिरा यायला लागलीस आणि पुण्याला गेल्यावर चर्चचं नावच काढेनाशी झालीस. ते पुण्याच्या हवेने झालं असं मी मम्मीला सांगत होतो. ते माझ्यामुळे झालं. देवाने न दिलेला शब्द मी त्याच्या नावाने दिला आणि त्याचं ओझं तुझ्या खांद्यावर टाकलं. मला माफ कर, बाळा.

याहून आतली गोष्ट कुणालाच माहीत नाही. लेकीला सीट मिळू दे, तिच्या पहिल्या पगाराचा दशमांश तुझा, असं मी तेव्हा रोज पहाटे म्हणत होतो. स्वतःच्या खिशातलंही नव्हे, तुझ्या पगारातलं देऊ केलं होतं. त्याला मी विश्वास म्हणत होतो.

आता धीराबद्दल. हा शब्द तुला नकोसा झालाय हे मला कळतं, कारण सगळे तो तुला औषधाच्या गोळीसारखा देतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचं उदाहरण आहे, ते तू संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतंस. पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत तो पिकाची वाट पाहत धीर धरतो. मी हे वचन कितीदा वाचलं असेल, पण माझ्या डोळ्यांसमोर कायम आपला जूनचा पाऊस यायचा. तसं नाही ते. याकोबाच्या मुलखात उन्हाळा कोरडा जातो आणि पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. त्याने जमीन मऊ झाली की पेरणी. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलचा, दाणा भरायच्या वेळचा. मग वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमाराला सातू आणि त्यानंतर गहू. म्हणजे त्यांचं पीक आपल्या रब्बीच्या वेळचं. याकोब ज्याला पहिला पाऊस म्हणतो, तो महिन्याच्या हिशेबाने आपला हस्ताचा पाऊस, परतीचा. आपल्याकडे पावसाळा संपला असं म्हणतात तेव्हा त्याच्याकडे सुरुवात होते. फरक एवढाच, की शेवटचा पाऊस आपल्या वाट्याला येत नाही.

तुझ्या आजोबांचं पाथर्डीकडचं रान तुला आठवतं ना? काळी भारी जमीन, विहिरीला पाणी नाही, सगळं कोरडवाहू. सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी ज्वारी पेरायची आणि त्यानंतर पाऊस नाहीच. चार महिने ज्वारी उभी राहते ती जमिनीच्या पोटात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर. मी तुझ्याएवढा असताना आजोबा मला थंडीत कोळपणीला, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती हलवायला, न्यायचे आणि मला ते काम अजिबात आवडायचं नाही. तण फार नसायचं. मी विचारायचो, कशाला मग हे? ते म्हणायचे, भेगा बुजवायला. काळी जमीन वाळायला लागली की तिला भेगा पडतात आणि पोटातली ओल त्या भेगांतून उडून जाते. कोळप्याने वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात. कोळपणीने पाण्याचा एक थेंबही वाढत नाही, पण जेवढं पाणी आहे तेवढं राहतं.

तू म्हणालीस ना, नवीन काही होतच नाही, तीच मेकॅनिक्सची गणितं, तीच इलेक्ट्रोमॅग्नेटिझमची, तिसऱ्यांदा तेच, कंटाळा आलाय? तेव्हा मला ते कोळपं आठवलं. आजोबांना धीर धरून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. त्या चार महिन्यांत ते सतत रानात असायचे. आणि मान्य करायला हवं, हे सगळं करूनही काही वर्षी ज्वारी हातची गेली. दुष्काळ आपल्या नगर जिल्ह्याला नवा नाही. तेव्हा अभ्यास केला म्हणजे सीट नक्की, असं मी तुला सांगणार नाही, आणि प्रार्थना केली म्हणजे नक्की, असं तर आता मुळीच सांगणार नाही.

तुझ्या "प्रार्थना बंद केलीय" या वाक्याकडे येतो. त्याच अध्यायात, शेतकऱ्यानंतर चार ओळींवर, याकोब ईयोबाच्या, म्हणजे सगळं गमावलेल्या त्या भल्या माणसाच्या, धीराचं नाव घेतो. मी यंदा ईयोबाचं पुस्तक पुन्हा सबंध वाचून काढलं. पहिल्या दोन अध्यायांत तो गप्प राहून सोसतो, ते आपल्याला शिकवतात. तिसऱ्या अध्यायापासून तो जे बोलायला लागतो, ते आपल्या कुटुंबप्रार्थनेत कुणी बोललं तर मी त्याला थांबवीन. तो जन्मदिवसाला शाप देतो. देवाला समोर बोलावतो, हिशेब मागतो. त्याचे मित्र सगळं देवाच्या बाजूने, शहाण्यासारखं बोलतात, आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब जसं खरं बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सांगतो. वाचताना मला घाम फुटला, कारण गेले सहा महिने मी तुझ्याशी त्या मित्रांसारखाच बोलत होतो. देवाची काहीतरी योजना असेल, त्याची वेळ यायची असेल, असं. तुला राग आला असेल तर तो त्याच्यासमोर काढ. देवाने तरी तिथे त्या बोलण्याला अधीरपणा म्हटलेलं नाही. तू त्याच्याशी भांडलीस तर मला चालेल, पण बोलणं टाकू नकोस एवढं मागतो. आणि आत्ता तेही जमत नसेल, तर काही दिवस तुझ्या वाटणीचं मी आणि मम्मी बोलतो. येशूसमोर छतातून खाली सोडलेला तो पक्षघाती आठवतो ना? तिथे त्याने काही मागितल्याचं लिहिलेलं नाही. चौघांनी त्याला उचलून आणलं होतं.

पंडिता रमाबाईंचं एक सांगायचं राहून जातं नेहमी. तू पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव स्टेशन लागतं, आपलं नगरजवळचं केडगाव नव्हे, ते. तिथली त्यांची मुक्ती मिशन ही संस्था तू शाळेच्या सहलीत पाहिली आहेस. पण त्या कशासाठी इंग्लंडला गेल्या होत्या हे सहलीत सांगत नाहीत. नवरा 1882 साली गेला, पदरात लहानगी मनोरमा, आणि 1883 मध्ये त्या बोटीने निघाल्या त्या डॉक्टर व्हायचं म्हणून. ते झालं नाही. कान अधू होत चालले होते, आणि ऐकू येत नसताना वैद्यकी शिकता येणार नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. विश्वास धरला आणि जे शिकायला आल्या तेच हातून गेलं, दोन्ही इंग्लंडातच. पुढे त्यांनी चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवलं आणि स्वतःही शिकल्या, मुंबईत 1889 साली शारदा सदन काढलं, आणि केडगावचं तर तुला माहीतच आहे.

यावर मंडळीत लगेच म्हणतात, बघा, देवाने एक दार लावलं ते दुसरं उघडायला. मला हे आता म्हणवत नाही. त्या बहिऱ्या झाल्या हे बरं झालं, असं कोण म्हणेल? मला त्यांच्यातलं वेगळंच काही धरून ठेवावंसं वाटतं. उतारवयात, कान गेलेले असताना, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं, केडगावच्या साध्या बायांना वाचून कळावं म्हणून. किती वर्षं चाललं ते काम! त्यातच 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक. तरी त्यांनी ते काम खाली ठेवलं नाही, आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या. मी बाप आहे म्हणून असेल, पण मनोरमा गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्या रोज सकाळी कागद पुढे घेऊन कशा बसल्या असतील, हे मला अजून उमगत नाही.

असो. आता थोडं मास्तर म्हणून लिहितो.

तुझा गेल्या वर्षीचा पेपर मी पुन्हा पाहिला. साठ प्रश्न, शंभर गुण, तीन तास. पहिल्या भागात दोन गुणांचे नऊ प्रश्न तू चुकवलेस, आणि प्रत्येकी दोन तृतीयांश म्हणजे सहा गुण नुसते वजाबाकीत गेले. ते नऊ प्रश्न मी तुझ्या वहीशी ताडून पाहिले. त्यातले पाच तुला येत होते. घाईत प्रश्न अर्धा वाचलास. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात मात्र चुकलं तरी गुण कापत नाहीत, आणि तिथे तू चार जागा कोऱ्या सोडल्यास. जिथे थांबायचं तिथे धावलीस आणि जिथे हात घालायचा तिथे थांबलीस. हे सांगताना मला तुझा दोष काढायचा नाही. त्या दिवशी तुझ्या डोक्यावर माझी अपेक्षा बसली होती.

रविवारचं म्हणशील तर, परीक्षा रविवारी आहे म्हणून अपराधी वाटून घेऊ नकोस. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी केला, हे प्रभूने स्वतः सांगितलंय. पण दर रविवारी सकाळी मॉक टेस्ट आणि दुपारी तिचं विश्लेषण, हे मला पटत नाही. अर्धा दिवस मोकळा ठेव. चर्चला जायलाच हवं असं नाही, अभ्यासिकेबाहेर नुसती फिरून ये. तू सात दिवस त्या खुर्चीत बसतेस आणि रात्री दोनला डोळे मिटत नाहीत, असं तुझी रूममेट मम्मीला सांगत होती. तिच्यावर चिडू नकोस.

विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्जही भर. त्याला माघार म्हणू नकोस. जॅमचा निकाल त्याच एका वर्षापुरता चालतो, हे आपण एकदा भोगलंय. पुण्यात एमएस्सी करूनही फिजिक्स फिजिक्सच राहतं. आणि तिसऱ्यांदा जॅम द्यायची की नाही, हे तू ठरव. मी त्यात बोलणार नाही. पैशाचा विचार तुझ्या डोक्यात असतो हे मला माहीत आहे. तो मी आणि मम्मीने बसून केलाय, आणखी एक वर्ष निघतं.

मी पाळकसाहेबांना भेटून आलो. पुढच्या रविवारी मी पुन्हा साक्ष देणार आहे, पण तुझं नाव घेणार नाही. मी देवाच्या नावाने जे बोललो ते मला बोलायचा अधिकार नव्हता, एवढंच सांगून खाली बसणार आहे. ते म्हणाले, कशाला, लोक विसरले असतील. मी म्हटलं, माझी लेक विसरलेली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शनिवारी दुपारच्या गाडीने मी येतो. तुझ्या खोलीवर येणार नाही, मावशीकडे उतरेन. सकाळी केंद्रापर्यंत सोबत येईन आणि बाहेर बसेन. पेपर कसा गेला हे विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर आपण जेवायला जाऊ.

मम्मीने नव्या ज्वारीचं पीठ बांधून ठेवायचं ठरवलंय, पण यंदा काढणी लांबेल असं दिसतं. कणसं अजून हिरवी आहेत. मी काल रानात जाऊन आलो. हस्ताचा पाऊस बरा झाला होता, हातभर खाली अजून ओल लागते.

तुझा,
पप्पा

ता. क. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवरचाच वापरावा लागतो. गेल्या वेळी त्यात तुझा वेळ गेला होता. आतापासून सराव त्याच्यावरच कर. प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढून ठेव आणि मूळ ओळखपत्र आत्ताच पिशवीत टाक.