बग्गी पेट्रोलची की बॅटरीची? आधी आपला चढ मोजा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सचिव,
व्यवस्थापन समिती

विषय : सोसायटीच्या आवारातल्या बग्गीसाठी (गोल्फ कार्टसारख्या छोट्या गाडीसाठी) आलेल्या तीन कोटेशनांबद्दल

स.न.वि.वि.

नोटीस बोर्डावरची तिन्ही कोटेशने वाचली. एक जुनी पेट्रोलची सहा सीटर, एक नवी लेड-ॲसिड बॅटरीची, एक नवी लिथियमची. पेट्रोलची सर्वांत स्वस्त असल्याने समितीचा कल तिच्याकडे आहे, असे समजले. रविवारच्या सभेत हात वर होण्याआधी आपल्या रस्त्याचा हिशेब समितीसमोर असावा, म्हणून हे पत्र.

आधी एक गोंधळ दूर करू. सभासदांच्या ग्रुपवर 'गॅस कार्ट'चे जे व्हिडिओ फिरताहेत, ते अमेरिकेतले आहेत. तिथे पेट्रोललाच गॅस म्हणतात. सिलिंडरचा किंवा सीएनजीचा त्याच्याशी संबंध नाही, त्यामुळे 'गॅस लाइन आहेच, तिच्यावर चालवू' ही सूचना बाजूला ठेवावी. त्या व्हिडिओंमधली गावेही वेगळी आहेत. जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत बग्ग्यांसाठी शंभर मैलांहून अधिक लांबीचे वेगळे रस्ते आहेत. तिथे माणूस बग्गी घेऊन बाजारहाट करतो आणि वाटेत पेट्रोल भरतो. आपली बग्गी गेटपासून नऊ नंबरच्या इमारतीपर्यंत जाणार आणि परत येणार. दोन्ही वापरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपला रस्ता एका बाजूने ७०० मीटर आहे आणि तेवढ्यात तो साधारण २५ मीटर चढतो. सरासरी चढ फार नाही, पण सात नंबरच्या वळणानंतरचे साठेक मीटर चांगले १२ टक्के आहेत. सहा माणसांसह बग्गीचे वजन १००० किलोच्या आसपास जाते. एवढे वजन २५ मीटर वर न्यायलाच ६८ वॅट-अवर लागतात. मोटर आणि गिअरमधली तूट, टायरचे घर्षण, स्पीड ब्रेकर आणि प्रत्येक इमारतीपाशी थांबून पुन्हा निघणे धरले तर वर जाताना सुमारे १६५ आणि खाली येताना वीसेक वॅट-अवर खर्च होतात. थोडी ढील ठेवून एका फेरीला २०० धरा. नोटिशीतल्या वेळापत्रकाप्रमाणे सकाळी १५ आणि संध्याकाळी १५ फेऱ्या, म्हणजे दिवसाला ६ किलोवॅट-अवर आणि ४२ किलोमीटर. पुढचे सगळे या दोन आकड्यांवर उभे आहे. ब्रोशरमध्ये लिहिलेले 'एका चार्जमध्ये ८० किलोमीटर' हे सपाट रस्त्याचे आणि हलक्या गाडीचे असते, ते इथे विसरायचे.

आता पेट्रोलची गाडी. तिची ओढ दिवसअखेरीस मंदावत नाही, वीज गेली तरी ती थांबत नाही आणि टाकी पाच मिनिटांत भरते. हे गुण खरेच आहेत. पण टाकी भरायची कुठे? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मध्ये फक्त बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनाला मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळले आहे. आपली बग्गी नोंदणीशिवाय चालणार ती एवढ्याच आधारावर. गेटबाहेर पडली की हा आधार संपला, म्हणजे ती पंपावर जाऊ शकत नाही. मग रोज कुणीतरी स्कूटरवर कॅन अडकवून पेट्रोल आणणार आणि ते सेक्युरिटी केबिनच्या मागे ठेवणार. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, पण ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि असा एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. पाण्याच्या बाटलीत किंवा प्लास्टिकच्या कॅनमध्ये नाही. याची रोजची जबाबदारी समितीतले कोण घेणार, हे आधी ठरवावे.

(याच कलमामुळे नोटिशीतला 'बग्गी बाहेरच्या बसस्टॉपपर्यंतही जाईल' हा मुद्दा काढून टाकावा. बॅटरीच्या गाडीला नोंदणी लागत नाही, असे कुणी सांगेल. ती सूट २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या वाहनांसाठी आहे. बग्गीची मोटर तीन-चार किलोवॅटची असते.)

दुसरे, अशा बग्गीचे इंजिन स्कूटरसारखे चालत नाही. पेडल सोडले की इंजिन बंद पडते आणि पेडल दाबले की स्टार्टर-जनरेटर पट्ट्याने ते फिरवून पुन्हा सुरू करतो. गोल्फच्या मैदानावर हे ठीक आहे. आपल्याकडे एका बाजूला पाच थांबे आणि तीस फेऱ्या म्हणजे दिवसाला तीनशे वेळा इंजिन सुरू होणार. मधल्या पाऊण मिनिटाच्या धावेत १२ व्होल्टची बॅटरी जेमतेम भरते. परिणामी आधी बॅटरी बसते, मग सोलेनॉइडचे, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचचे, संपर्क जळतात, मग स्टार्टर-जनरेटरचे कार्बन ब्रश झिजतात. चढावर थांबून निघताना ड्राइव्ह बेल्ट घसरतो. त्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत दिसू लागल्या की तो बदलायची वेळ झाली. इंजिन दिवसाला साडेतीन तास चालले आणि १२५ तासांनी ऑइल बदलायचे ठरवले, तर दर पाच आठवड्यांनी गाडी एक दिवस उभी. शिवाय जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर आणि रबरी नळ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नसतात. नळ्या फुगतात, आणि गाडी काही आठवडे उभी राहिली तर कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, म्हणजे जेटमध्ये, चिकटा धरतो. हे सुटे भाग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळत नाहीत. आणि ही गाडी रात्री स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, उभी करायचा विचार असेल तर तोही सोडावा. तिथे इंजिन चालू राहिले की धूर थेट पहिल्या मजल्याच्या खिडक्यांत जातो.

खर्चाचे पाहू. चढावर भरलेली गाडी लिटरला १० ते १२ किलोमीटर देईल, म्हणजे रोज चार लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरून महिन्याला साडेबारा हजार. चार्जरमधली तूट धरून लिथियमला रोज सात युनिट (म्हणजे किलोवॅट-अवर) लागतील. युनिट १२ रुपये धरले तरी महिन्याला अडीच हजार. (ड्रायव्हरचा पगार या दोन्हींपेक्षा जास्त आहे आणि तो कुठल्याही कोटेशनात नाही.)

म्हणजे पेट्रोल बाद. पण म्हणून 'बॅटरीची घ्या' एवढ्यावर विषय मिटत नाही, कारण उरलेल्या दोन कोटेशनांतला फरक जास्त मोठा आहे.

लेड-ॲसिडच्या गाडीत ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या आहेत, १७० अँपिअर-अवरच्या. कागदावर ८ किलोवॅट-अवरच्या वर. पण १७० हा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळतो. आपल्या वापरात तो १४५ च्या आसपास येतो, आणि आयुष्य टिकवायचे तर निम्म्याहून फार खाली जायचे नाही. हातात उरतात साडेतीन ते चार किलोवॅट-अवर, म्हणजे अठरा-वीस फेऱ्या. सकाळी साडेदहा ते दुपारी साडेचार चार्ज करता येईल, पण लेड-ॲसिडचा शेवटचा वीस टक्के भाग फार हळू भरतो. संध्याकाळी गाडी अर्धवट भरलेलीच निघणार. असे रोज झाले की प्लेटांवर सल्फेट कडक होते आणि क्षमता घसरत जाते. पहिले वर्ष चांगले जाईल. दुसऱ्या उन्हाळ्यात संध्याकाळची सातची फेरी सात नंबरच्या वळणावर रेंगाळू लागेल.

शिवाय पाण्याचे काम. सहा बॅटऱ्यांना मिळून २४ झाकणे. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक झाकण उघडून बघायचे आणि डिस्टिल्ड वॉटर घालायचे, तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधी काठोकाठ भरले तर चार्जिंगमध्ये ॲसिड उसळून बाहेर येते, ट्रे गंजतो आणि टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. चार्जिंगआधी प्लेटा उघड्या दिसल्या तर त्या बुडतील एवढेच घालायचे. बोअरवेलचे किंवा आरओचे पाणी अजिबात नाही. पूर्ण भरलेल्या सेलचे हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीवर) वाचन १.२७ ते १.२८ यायला हवे. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०३० ने मागे असेल तर इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे सगळे सेल बरोबरीला आणणारे जादा चार्जिंग, द्यावा लागतो. सहापैकी एक बॅटरी बसली म्हणून तेवढी एकच नवी टाकली, तर जुन्या पाच तिलाही ओढतात. वॉचमन बदलला की हे सगळे नव्या माणसाला पुन्हा शिकवायचे, आणि आपल्याकडे वॉचमन किती दिवस टिकतात ते समितीला ठाऊक आहे.

लिथियमच्या कोटेशनात ५१.२ व्होल्ट, १०५ अँपिअर-अवरचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक आहे. कागदावर ५.४ किलोवॅट-अवर, म्हणजे लेड-ॲसिडपेक्षा कमी. हे बघून 'जास्त पैसे देऊन लहान बॅटरी?' असा प्रश्न कुणी विचारेल. पण यातले ८० ते ९० टक्के निर्धास्त वापरता येतात. सकाळच्या १५ फेऱ्यांना ३ किलोवॅट-अवर जातात आणि २५ अँपिअरच्या चार्जरने ते दुपारी अडीच-तीन तासांत पूर्ण भरून निघतात. अर्धवट चार्जिंगने हा पॅक खराब होत नाही. लेड-ॲसिडचा संच १७० किलोच्या वर, हा पन्नासच्या आत. चढावर दोन माणसांचे वजन कमी झाले.

मात्र कोटेशन आहे तसे स्वीकारू नये. त्यात बीएमएस, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारे सर्किट, १०० अँपिअरचे लिहिले आहे. भरलेली गाडी १२ टक्के चढावर ताशी नऊ किलोमीटरने चालताना ९० अँपिअरच्या आसपास ओढते. तिथेच थांबून निघायचे तर काही क्षण २०० च्या वर जाते. तेव्हा बीएमएस स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडेल आणि गाडी ऐन चढावर निर्जीव होईल. म्हणून सतत १५० आणि किमान दहा सेकंद ३०० अँपिअर, असे लेखी मागावे. पॅकला एआयएस-१५६ (विजेवरच्या वाहनांच्या बॅटरीसाठीचे भारतीय सुरक्षा मानक), सुधारणा ३ प्रमाणे चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र आणि आयपी-६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) हेही मागावे. आवारातल्या गाडीला ते सक्तीचे नसले तरी.

ब्रेकबद्दल तिन्ही कोटेशने गप्प आहेत, आणि आमची खरी काळजी तिथे आहे. साध्या बग्गीला मागच्या दोन चाकांनाच, तारेने ओढले जाणारे ड्रम ब्रेक असतात. उतारावर सहा माणसांसाठी ते अपुरे. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, एसी मोटर आणि पेडल सोडल्यावर आपोआप धरणारा इलेक्ट्रोमॅग्नेटिक पार्किंग ब्रेक, या तीन अटी ठेवाव्यात. एसी मोटर उतारावर गाडी रोखून धरते आणि थोडी वीज परत पॅकमध्ये ढकलते. पण पॅक काठोकाठ भरलेला असेल तर ती वीज घ्यायला जागा नसते आणि ती रोख अचानक सुटू शकते. क्लबहाउसपाशी, म्हणजे वर, चार्जिंग शेड करायचा बेत म्हणूनच बदलावा. शेड खाली गेटपाशी असावी, म्हणजे पूर्ण भरलेली गाडी आधी चढ चढेल.

त्या शेडला मीटर रूममधून स्वतंत्र लाइन हवी: ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतःचा एमसीबी (जादा प्रवाह तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). एक्स्टेंशन बोर्ड नको, आणि शेड दुचाकींच्या स्टिल्टला चिकटून नको. चार्जर दीड किलोवॅटच्या आसपासचा आहे, वीज गेली तर डीजीवर (डिझेल जनरेटरवर) सहज चालेल.

पैसे देण्याआधी सात नंबरच्या वळणावर चाचणी घ्यावी. सिमेंटच्या ५० किलोच्या सात गोण्या आणि ड्रायव्हर, पॅक ३० टक्क्यांवर आणलेला. ऐन चढावर थांबायचे, पेडल पूर्ण सोडायचे आणि खडूने खूण करून गाडी किती मागे येते ते मोजायचे. एक वीत ठीक आहे, त्याहून जास्त नको. मग तिथूनच निघायचे. असे दहा वेळा. लगेच सीट उचलून मोठ्या केबलच्या लगांवर, म्हणजे टोकांच्या धातूच्या जोडांवर, इन्फ्रारेड थर्मामीटर धरायचा. एक लग बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागला तर तो ढिला आहे किंवा नीट क्रिम्प केलेला नाही. पावसाळ्यात पहिला तोच जळेल. मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर सीटखाली किती उंचीवर आहे तेही तेव्हाच बघून घ्यावे. गेटपाशी जुलैत पाणी साचते, आणि चाकाच्या आसापर्यंत पाणी आले की गाडी घालायची नाही, हे ड्रायव्हरला लेखी द्यावे.

विक्रेता या चाचणीला तयार नसेल तर ते कोटेशन फाइलला लावून पुढच्याला बोलवावे. चाचणीच्या दिवशी गोण्या, खडू आणि थर्मामीटर आमच्याकडून. वेळ सकाळी अकराची ठेवावी, तेव्हा शाळेच्या बस येऊन गेलेल्या असतात.

कळावे,

आपले विश्वासू,
चार सभासद, इमारत क्र. ७ आणि ९