पिण्याच्या लाइनला जोडलेला बायपास कापून टाकण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पंपघरातील जोडामुळे फ्लश-बागेच्या वापराचे पाणी आमच्या हौदात आणि गल्लीच्या नळाच्या लाइनमध्ये उलट जात असल्याबाबत.

संदर्भ: १) आपले काम पूर्ण झाल्याचे पत्र व वापर-सूचना. २) आमच्या पहिल्या तक्रारीला आपण दिलेले उत्तर.

महोदय,

आपण आमच्या सोसायटीत बसवलेल्या पाणी-पुनर्वापर यंत्रणेबद्दलच्या पहिल्या तक्रारीला आपल्याकडून आलेल्या उत्तराचा मजकूर एवढाच होता: जोडावर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न वॉल्व्ह) बसवलेला आहे, त्यामुळे पाणी उलट जाणे शक्य नाही, पाणी खराब असल्यास महापालिकेकडे चौकशी करावी. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. महापालिकेचे पाणी आमच्याकडे येईपर्यंत चांगले असते. ते आपल्या जोडावर बिघडते आणि तिथूनच परत गल्लीत जाते. ही बाब आता आमच्या ६४ फ्लॅटपुरती राहिलेली नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

लातुरात पाण्याचा पुनर्वापर करू नका असे कोणी म्हणणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. संडासाच्या फ्लशला आणि बागेला प्रक्रिया केलेले सांडपाणी व बोअरचे पाणी वापरायचे, मांजरा धरणाचे नळाचे पाणी फक्त पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी ठेवायचे, ही योजना आम्हाला मान्य होती आणि आजही आहे. तक्रार आहे ती या दोन पाण्यांच्या मध्ये आपण टाकलेल्या सव्वा मीटर लांबीच्या ४० मिमी पाइपाची.

महापालिकेची २५ मिमीची लाइन मीटरमधून पंपघरात येते आणि पुढे पिण्याच्या हौदात जाते. मीटर आणि हौद यांच्यामध्ये आपण टी (तीन तोंडांचा सांधा) टाकून एक बायपास काढला आहे. तो फ्लशच्या प्रेशर पंपाच्या हेडरला (पंपानंतरच्या मुख्य पाइपाला) जोडलेला आहे. त्यावर एक बॉल वॉल्व्ह आणि एक फ्लॅपचा एनआरव्ही आहे. प्रक्रिया केलेल्या पाण्याची टाकी रिकामी झाली आणि पंप थांबला, तर नळाच्या पाण्याने फ्लश चालू राहावा हा त्यामागचा हेतू. त्यासाठी बॉल वॉल्व्ह कायम उघडा ठेवा, असे आपल्या वापर-सूचनेतच लिहिले आहे. म्हणजे पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांच्यामध्ये दिवसरात्र फक्त एक रबरी फ्लॅप उभा आहे.

दोन्ही बाजूंचा दाब पाहा. आपला प्रेशर पंप १.८ किलोला सुरू होतो आणि २.८ किलोला थांबतो. नळाला पाणी सुटलेले असते तेव्हा आमच्या मीटरवर ०.३ ते ०.५ किलो दाब मिळतो, तोही दर पाचव्या-सहाव्या दिवशी दोन-अडीच तास. उरलेला सगळा वेळ लाइन रिकामी असते. १ किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर उंचीचे पाणी. तेव्हा पाच दिवस एका बाजूला वीस-पंचवीस मीटरचा दाब आणि दुसऱ्या बाजूला शून्य. नळ बंद होतानाचा काही काळ तर शून्याच्याही खाली असतो, कारण उताराकडची लाइन रिकामी होताना वरच्या भागातले पाणी ओढून घेते. पाणी गेल्यावर पाच मिनिटांनी उघड्या तोटीवर बोट ठेवले की आत ओढ जाणवते. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात लाइन फुटली किंवा अग्निशमनाला मोठा उपसा झाला तरच असे घडते. आमच्याकडे प्रत्येक पाळीला घडते. आपण वापरलेला नकाशा चोवीस तास दाब असलेल्या शहरासाठी काढलेला दिसतो.

आम्ही घेतलेली चाचणी आपल्या माणसासमोर कधीही पुन्हा करून दाखवू. नळाला पाणी नसलेल्या दिवशी हौदाकडे जाणारा वॉल्व्ह बंद केला, रस्त्यावरचा कोक (नळजोडणीची चावी) उघडा ठेवला आणि फ्लशचा पंप नेहमीसारखा चालू ठेवला. मीटरच्या काचेखालचा लहान तारा उलटा फिरत होता. दहा मिनिटांत मीटर २६ लिटरने मागे आला. बायपासचा बॉल वॉल्व्ह बंद केला, तारा थांबला. उघडला, पुन्हा उलटा फिरू लागला. असे तीन वेळा केले आणि तिन्ही वेळा तेच झाले. मिनिटाला २.६ लिटर म्हणजे दिवसाला साडेतीन हजार लिटरच्या वर.

त्यानंतर एनआरव्ही युनियनपासून खोलून पाहिला. फ्लॅपचे रबर आणि पितळी सीट यांच्यामध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा खडा चिकटलेला होता. तो बोअरच्या जड पाण्यातला क्षार आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम नखाच्या जाडीची फट राहिली होती. फट केवढी हा प्रश्नच नाही. २५ मीटर दाबाखाली अवघ्या २ मिमी व्यासाच्या भोकातूनही मिनिटाला सुमारे अडीच लिटर पाणी जाते, आणि आमच्या मीटरने तेच दाखवले. दर पाळीला नळाचे पहिले पाणी गाळ आणि गंजाची खपली घेऊन येते, दुसऱ्या बाजूने क्षार येतो. अशा जागी फ्लॅपचा एनआरव्ही वर्षभर घट्ट बसेल असे कोणताही अनुभवी प्लंबर सांगणार नाही. शिवाय तो गळतो आहे हे बाहेरून कळायला काही मार्गच नाही. पंप चालतो, फ्लश चालतो, सगळे सुरळीत दिसते.

आणि एनआरव्ही अगदी नवा असता तरी उत्तर बदलत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या प्लंबिंगविषयक नवव्या भागात पिण्याच्या पाण्याची लाइन अशुद्ध पाण्याच्या लाइनला कुठेही जोडलेली असता कामा नये असे आहे. एनआरव्ही बसवला किंवा वॉल्व्ह बंद करून सील केला, तरी तो जोड नसण्याला पर्याय धरता येत नाही, हेही तिथेच स्पष्ट केले आहे. आपले उत्तर नेमके याच्या उलट आहे. वॉल्व्हच्या भरवशावर दोन पाणी शेजारी ठेवल्यावर काय होते हे फिनलंडमधील नोकिया शहराने नोव्हेंबर २००७ मध्ये पाहिले. सांडपाणी केंद्रातला एक वॉल्व्ह उघडा राहिला, सुमारे ४५० घनमीटर प्रक्रिया केलेले सांडपाणी पिण्याच्या लाइनमध्ये गेले आणि हजारो लोक आजारी पडले. तिथेही ते पाणी प्रक्रिया केलेलेच होते. हे लिहिण्याचे कारण असे, की आपल्या अभियंत्यांनी फोनवर “ते पाणी ट्रीट केलेलं आहे” असे दोनदा सांगितले. फ्लशसाठी केलेली प्रक्रिया आणि पिण्यासाठीची प्रक्रिया या वेगळ्या गोष्टी आहेत.

पाण्याच्या तपासणीचे आकडे असे. पाणी सुटल्यावर अर्ध्या तासाने, बायपास बंद ठेवून, मीटरजवळ टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, मिग्रॅ प्रति लिटर) ३२०. फ्लशच्या पाण्याचा १५२०. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या नळाला ६८०. हिशेब सरळ आहे: ६८० मधून ३२० वजा केले तर ३६०, दोन पाण्यांतला फरक १२००, म्हणजे पिण्याच्या पाण्यात तीन दशांश वापराचे पाणी. घागरीतल्या दहा तांब्यांपैकी तीन. ओटी टेस्टला (पाण्यातले क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी) मीटरजवळ पिवळा रंग आला, क्लोरीन ०.२ मिग्रॅ प्रति लिटर होते, स्वयंपाकघरात रंगच आला नाही. सांडपाण्यातला सेंद्रिय अंश उरलेले क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून नुसते मिसळणेच नव्हे तर आलेले संरक्षणही जाते. प्रयोगशाळेच्या अहवालात १०० मिलि नमुन्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, आढळले आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) ते १०० मिलित अजिबात आढळता कामा नयेत.

आता गल्लीचे. आमच्या खालच्या बाजूला तीसेक घरे आहेत. त्यांतल्या बऱ्याच घरांना हौद नाही, थेट तोटी आहे. पाण्याचा वार नसतानाही गेले काही दिवस तिथे बारीक धार येत होती आणि मिळाले ते पाणी म्हणून लोक ती भरून घेत होते. ती धार आपल्या पंपाची होती. या लोकांनी आपल्याशी करार केला नाही, आपल्याला एक रुपया दिला नाही, आणि त्यांच्या लेकरांनी ते पाणी प्यायले. याचे उत्तर आपण आम्हाला नव्हे, त्यांना द्यायला हवे. कोणी आजारी पडल्याची नोंद आहे का, असे आपण विचाराल. हिपॅटायटिस ए आणि ई, म्हणजे आपली नेहमीची कावीळ, दूषित पाणी पोटात गेल्यावर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही दिसते. आज नोंद नाही याचा अर्थ काहीच लागत नाही. आम्ही बायपास बंद करून हँडल काढून ठेवले आहे, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवले आहे आणि घरोघरी जाऊन पाणी उकळून घ्यायला सांगितले आहे.

आपल्या अभियंत्यांनी एनआरव्ही काढून त्या जागी आरपीझेड (पाणी उलट जाऊ न देणारी, दाबावर चालणारी यंत्रणा) बसवून देतो, असा पर्याय सुचवला. त्यामागची तयारी आम्हाला दिसते, पण तो इथे चालणार नाही. आरपीझेडमध्ये दोन चेक आणि मधे एक रिलीफ वॉल्व्ह असतो. मधल्या कप्प्याचा दाब नळाच्या दाबापेक्षा किमान २ पीएसआयने (सुमारे १.४ मीटर) कमी राहिला नाही तर रिलीफ उघडून पाणी बाहेर सोडतो. यंत्रणा उत्तम आहे, पण तिच्यातून पाणी जातानाच सुमारे ७ मीटर दाब खर्च होतो. आमच्या नळाला मुळात मिळतो ३ ते ५ मीटर. म्हणजे मेक-अपचे (टाकी रिकामी झाल्यावर फ्लशला द्यायचे नळाचे) पाणी पुढे जाणारच नाही, आणि लाइन रिकामी असताना रिलीफ गळत राहील. त्याची दरवर्षी डिफरन्शियल गेजने (दोन दाबांतला फरक मोजणाऱ्या यंत्राने) चाचणी करावी लागते. ते गेज आणि ते शिकलेला माणूस आपण लातूरला दरवर्षी पाठवणार का? शिवाय आपण दाखवलेली जागा जमिनीखालच्या खड्ड्यातली आहे. पावसाळ्यात तो खड्डा भरतो. रिलीफचे तोंड पाण्यात बुडाले की तिथूनच घाण आत जाते.

या गावाला उपाय एकच आहे, हवेचे अंतर. हवेतून पाणी मागे ओढले जात नाही, त्याला स्प्रिंग लागत नाही, रबर लागत नाही, क्षाराने ते बिघडत नाही. म्हणून आमची पहिली मागणी अशी की बायपास टीपासून कापावा. नुसता वॉल्व्ह बंद करून चालणार नाही. पाइपाचा तुकडा काढून दोन्ही टोकांना एंड कॅप लावाव्यात. फ्लशसाठी मेक-अप हवाच असेल तर ५०० लिटरची वेगळी टाकी द्यावी. पिण्याच्या लाइनचा पाइप तिच्या वर मोकळा सुटेल आणि पंप त्या टाकीतून ओढेल. पाइपाचे तोंड टाकीच्या काठाच्या वर त्याच्या आतल्या व्यासाच्या किमान दुप्पट, भिंत जवळ असेल तर तिप्पट हवे. २५ मिमीला ५० आणि ७५ मिमी होतात. आम्ही सरळ १५० मिमी मागतो, कारण पुढे कोणी तोंडाला नळी जोडून खाली सोडली तर ती लांबूनही दिसावी. टाकीला झाकण हवेच, पण काठाजवळ जाळी लावलेली मोकळी जागा ठेवावी, नाहीतर अंतर नावापुरते राहते.

दुसरी मागणी हौदाची. भरताना आवाज होऊ नये म्हणून आपण नळाचा पाइप हौदाच्या तळापासून वीतभर वर आणून सोडला आहे. नळ बंद झाला की लाइनची ओढ हौदातले पाणी परत नेते. पाइप ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर घ्या, फ्लोटही तिथेच येऊ द्या. ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्यापेक्षा मोठा, किमान ४० मिमी असावा. आता तो थेट गटारीच्या चेंबरमध्ये घुसवलेला आहे. तो चेंबरच्या वर मोकळा सोडून तोंडाला जाळी लावा.

पॅनेलवरचा “डायरेक्ट बूस्ट” हा पर्याय काढून टाकावा. तो सुरू केला की पंप हौद सोडून थेट नळाच्या लाइनमधून ओढतो. नळाला थेट मोटार लावणे नियमाबाहेर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ती ओढ गल्लीभर पोचते, आणि गटारीतून गेलेल्या जुन्या पाइपांच्या गळक्या सांध्यांमधून घाण आत घेते. बागेचा नळ पिण्याच्या लाइनवर आहे, तोही वापराच्या लाइनवर न्या. माळी त्याच नळीचे टोक औषधाच्या पिंपात टाकून पिंप भरतो. दोन्ही लाइनना दोन रंगांचे पट्टे आणि वापराच्या प्रत्येक तोटीवर “पिण्यासाठी नाही” ही पाटी आपल्या करारातच होती. ते काम झालेले नाही.

काम झाल्यावर पिण्याचा हौद आणि लाइन धुऊन द्यावी. ३०,००० लिटरच्या हौदाला ५० मिग्रॅ प्रति लिटर या मात्रेने दीड किलो क्लोरीन लागते. ३० टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घेतली तर पाच किलो. उघड्या पोत्यातली जुनी पावडर चालणार नाही, तिची ताकद गेलेली असते. ते पाणी प्रत्येक घराच्या नळापर्यंत नेऊन सहा तास ठेवावे, पूर्ण सोडून द्यावे, आणि नव्या पाण्यात ओटी टेस्टला ०.२ ते ०.५ आल्यावरच नमुना प्रयोगशाळेत द्यावा. दोन वेगवेगळ्या पाळ्यांचे दोन अहवाल स्वच्छ आल्याखेरीज आम्ही काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करणार नाही.

हे सगळे आपल्या खर्चाने, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत व्हावे. न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. मीटरच्या चाचणीचे चित्रीकरण, प्रयोगशाळेचा अहवाल आणि आपली वापर-सूचना तयार आहेत. याच नकाशाने आपण मराठवाड्यात आणखी कुठे बायपास दिले असतील, तर तिथल्या सोसायट्यांना आजच कळवून ते वॉल्व्ह बंद करायला लावा. त्यासाठी आमच्या १५ दिवसांची वाट पाहू नका.

बायपास कापायला माणूस पाठवाल तो दिवस नळाच्या पाळीचा नसावा. त्या वेळी समितीचे दोन सदस्य हजर राहतील. कापलेला पाइप आणि खडा अडकलेला एनआरव्ही आमच्या ताब्यात राहील.

आपले,
पाणी समिती सदस्य,
गृहनिर्माण सोसायटी, लातूर

सोबत: चाचणीच्या चित्रीकरणाची प्रत, मीटरच्या नोंदी, प्रयोगशाळेचा अहवाल, एनआरव्हीची छायाचित्रे.
प्रत: महापालिका पाणीपुरवठा विभाग.