भयपट, अंधश्रद्धा आणि थांबवून पाहण्याची सोय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात साताऱ्याच्या एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र नुकतेच वाचले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावातील तरुण मुले घरी बसून भुताखेतांचे देशी-विदेशी सिनेमे पाहतात, त्यातही कोणी नाव न ऐकलेले जुनेपुराणे सिनेमे मुद्दाम शोधून काढतात, आणि ज्या जिल्ह्याने जादूटोणाविरोधी कायद्याच्या लढ्याचे नेतृत्व केले तिथेच हे घडावे, याची त्यांना खंत वाटते. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. निष्कर्ष मात्र पटला नाही. असे सिनेमे मी अनेक वर्षे सांगलीत घरी पाहत आलो आहे. माझा अनुभव असा की, मोठ्या पडद्यावर क्षणभर दिसून जाणारे भूत आणि घरी हवे तिथे थांबवून, मागे नेऊन पाहता येणारे भूत यांचा मनावर होणारा परिणाम निरनिराळा असतो. थांबवलेल्या भुताचे सांधे दिसतात, आणि सिनेमा जितका जुना व जितक्या कमी पैशांत केलेला, तितके ते अधिक ठळक दिसतात.

१९२२ सालचा मुर्नाऊ या दिग्दर्शकाचा ‘नोस्फेराटू’ हा जर्मन मूकपट घ्या. त्यात पाहुण्याला रक्तपिपासू सरदाराच्या गढीकडे नेणारी घोडागाडी जंगलातून अशा काही विचित्र वेगाने जाते की, पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. तोच प्रसंग मागे नेऊन पाहिला की झाडे पांढरी आणि आकाश काळे दिसते, म्हणजे तेवढ्या भागापुरती निगेटिव्हच वापरलेली आहे. आणि गाडीचा तो वेग कॅमेऱ्याचा दांडा सावकाश फिरवून साधलेला आहे. हे एकदा समजले की भीती पूर्ण जात नाही (जाऊही नये, नाहीतर सिनेमा कशाला पाहायचा), पण तिच्या जोडीला ‘हे केले कसे’ हा प्रश्न येऊन बसतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी जिभेतून त्रिशूळ आरपार गेल्याचे दाखवतात आणि मग त्याचा मधला वाकवलेला भाग लोकांच्या हातात देतात, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न लोकांच्या मनात रुजवायचा असतो.

त्याच वर्षीचा ‘हेक्सन’ हा स्वीडिश कंपनीने काढलेला चित्रपट तर पत्रलेखकांनी स्वतः पाहावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. बेंजामिन क्रिस्टेन्सन या डॅनिश दिग्दर्शकाने त्यात युरोपातील चेटकीण ठरवलेल्या बायकांचा छळ, त्यांच्याकडून जबरीने घेतलेले कबुलीजबाब आणि त्यांच्या डोळ्यांपुढे उभे केलेले सैतानाचे दरबार असे सगळे भीषण तपशिलासह दाखवले आहे. शेवटच्या भागात मात्र तो थेट आपल्या काळात येतो आणि ज्यांना एके काळी झपाटलेले म्हटले जाई, त्यांच्यातील अनेकजणी मानसिक आजाराने त्रस्त असाव्यात, असे मांडतो. त्यातील काही वैद्यकीय मते आता जुनी झाली आहेत, हे खरे आहे. तरीही एखाद्या बाईला भुताळी ठरवून वाळीत टाकण्याच्या बातम्या अजून अधूनमधून छापून येतात, त्या वाचणाऱ्याला हा शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट परका वाटणार नाही. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यातील सैतानाचे काम स्वतः दिग्दर्शकानेच केले आहे.

अद्भुतपट आणि हातचलाखी यांचे नाते आपल्याकडेही जुने आहे. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी जादूचे प्रयोग शिकले होते आणि स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करीत. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) यांतील चमत्कार ज्या प्रेक्षकांनी हात जोडून पाहिले, त्यांना ते कसे घडवले हे कळण्याचा मार्ग नव्हता. ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झालेली मुलगी फाळक्यांची कन्या मंदाकिनी होती, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येते आणि कालियाशी तिची झुंज थांबवून-थांबवून दाखवता येते. आमच्या सांगलीत तर त्याहीपूर्वी, १८४३ मध्ये, विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पुढे त्या धर्तीच्या नाटकांत राळेच्या भडक्यात आरोळ्या ठोकत येणारे राक्षस लोकांना इतके आवडले की, त्या नाटकांना ‘अलल्डुर्र’ हेच नाव पडले. त्या राक्षसांना भिऊन कोणी रावणाला नवस बोलू लागल्याचे ऐकिवात नाही. भाव्यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्या पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा प्रयोगात आणल्या, आणि १९९३ च्या ‘झपाटलेला’तील तात्या विंचूही याच पाध्यांच्या हातचा. पाध्यांच्या मांडीवर बसून बोलणारा तात्या विंचू एकदा पाहिलेल्या मुलाला त्या सिनेमाची रात्री धास्ती वाटत नाही.

आवाजाचीही हीच कथा आहे. ‘महल’ (१९४९) मधील हवेलीत हिंडणारी ती गूढ स्त्री अखेरीस माळ्याची मुलगी निघते, म्हणजे कथेनेच भुताचा उलगडा केलेला आहे. पण तिचे गाणे दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून, लहानपणी सांगलीत राहिलेल्या लताबाई ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गात-गात त्याच्याकडे चालत आल्या, असे सांगितले जाते. डोळे मिटून ते गाणे पुन्हा ऐकावे. त्यातले अंतर कानांना मोजता येते.

१९६३ च्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ या इंग्रजी अद्भुतपटातील सात सांगाड्यांची तलवारबाजी रे हॅरीहाउसेन यांनी छोटे पुतळे एकेका चित्रासाठी किंचित हलवून साकारली आणि त्या प्रसंगाला त्यांना चार महिन्यांहून अधिक काळ लागला. तो प्रसंग पाहिल्यावर माझ्या पुतणीने बेंदराला आणलेला मातीचा बैल टेबलावर ठेवून मोबाइलवर चालवून दाखवला. बैल अडखळत होता, एका शिंगाचा टवका उडालेला होता, पण चालत होता. या मुलीला उद्या कोणी बुवा भिंतीवरची सावली दाखवून घाबरवू पाहील, तर ती आधी दिवा कुठे आहे ते शोधेल, एवढी खात्री मला वाटते.

पत्रलेखकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. रामसे बंधूंच्या चित्रपटांबद्दल मला जिव्हाळा आहे, आणि त्यांचा १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ आपल्या महाबळेश्वरात चित्रित झाला, याचे कौतुकही आहे. पण त्यांच्या कथांत त्रिशूळ समोर धरताच राक्षस हतबल होतो आणि विचार करणारे पात्र बहुधा आधी मरते. (पाश्चात्त्य रक्तपिपासूपटांतील क्रूसही याहून निराळे काही करीत नाही.) त्याहून वाईट त्या दूरचित्रवाणी मालिका, ज्यांत सासू-सुनांच्या भांडणाचे कारण म्हणून महिनोन्‌महिने करणी दाखवली जाते. चिंता करायचीच तर या करणीची करावी, कारण ती घरातल्या माणसांच्या रोजच्या वागण्याचा खुलासा म्हणून समोर येते. मुलांच्या वयाचा विचारही हवाच. नव्या चित्रपटांना आता सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे सांगणारी प्रमाणपत्रे मिळतात, पण इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या विदेशी सिनेमांना असे काही चिकटलेले नसते, त्यामुळे मोठ्यांनी आधी पाहून घेण्याला पर्याय नाही. ‘हेक्सन’ मी लहान मुलांना दाखवणार नाही.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. आपल्या रविवार पुरवणीत नव्या चित्रपटांची परीक्षणे येतात. तिथेच एखाद्या विसरलेल्या भयपटाला किंवा अद्भुतपटाला चार ओळी द्याव्यात, तो कोणत्या वयासाठी आहे हे सांगावे आणि कोणती प्रत पाहावी हेही सांगावे. प्रतीचा मुद्दा क्षुल्लक नाही. ‘नोस्फेराटू’मधील रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून नंतर निळ्या रंगात रंगवलेले होते, तो रंग उडालेली प्रत पाहिली, तर सूर्याच्या किरणाने नष्ट होणारा सरदार भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून फिरताना दिसतो आणि पाहणारा त्या सिनेमालाच हसून मोकळा होतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, गावभाग, सांगली