पान ८७ वरच्या प्रश्नाबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव जाहीर लिहू नये असं तुम्ही सांगितलंत, म्हणून इथे नुसतं ताई. पण पत्र मात्र उघड लिहिते आहे. माझ्यासारख्या निवृत्त झालेल्या, कपाटात वह्या भरून ठेवलेल्या कितीतरी जणी असतील. संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देणारं माणूस, असं त्यांनाही वाटत असेल. मलाही तसंच वाटायचं.

आठवतंय ना, मी तुमच्याकडे काय घेऊन आले होते? २०० पानी तीन वह्या, आणि त्यांवरून गावातल्या डीटीपीवाल्याने टाइप केलेली फाइल. फाँट जुना होता. युनिकोडमध्ये घेतल्यावर सगळे रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले आणि जोडाक्षरं फुटली. विषय ७२ चा दुष्काळ. तेव्हा मी दहा वर्षांची होते. मंगळवेढ्याच्या बाजूचं आमचं गाव, आणि आई दुष्काळी कामावर जायची. ते सगळं लिहून ठेवावं एवढीच माझी इच्छा. "शुद्धलेखन तेवढं तपासून द्या, महिन्याभरात होईल ना?" असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी दहा पानं नमुना म्हणून करून पाठवते, ती बघा, मग ठरवू.

त्या दहा पानांचा मला राग आला होता, हे आज सांगते. जेवढा मजकूर माझा, तेवढ्याच तुमच्या समासातल्या नोंदी. शिवाय सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, पुस्तक खरं तर पान ३१ वर सुरू होतं. आधीच्या तीस पानांत मी गावाचा इतिहास लिहिला होता. त्यात दामाजीपंत होते, दुर्गादेवीचा दुष्काळ होता, उपाशी लोकांसाठी उघडलेली बादशहाची कोठारं होती. आमच्या भागात दुष्काळावर लिहायचं आणि दामाजीपंतांना सोडायचं, हे मला पापच वाटत होतं. तुम्ही त्याला नाही म्हटलं नाहीत. एवढंच विचारलंत, "ही गोष्ट आई सांगायची का? कधी सांगायची?" आई सांगायची. मिलोची भाकरी थापताना सांगायची. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता चिरायची, आणि आई म्हणायची, ज्वारीच्या कोठारात राहून हे खायची पाळी आली, आता दामाजी कुठनं आणायचा? ते एक वाक्य राहिलं. तीस पानं गेली. आज पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर आई भाकरी थापताना दिसते, आणि तीस पानं गेल्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

ऱ्हस्व-दीर्घही तुम्ही केलंतच. विहीर पण विहिरीत, जमीन पण जमिनीला. माझ्या पुस्तकात हे दोन शब्द दर पानाला, आणि मी दर पानाला ते चुकवलेले. निवेदनात मी एका ओळीत 'केले' लिहायची आणि पुढच्या ओळीत 'केलं'. तुम्ही विचारलंत, "वाचकाशी तुम्ही बोलता आहात की अहवाल देता आहात? काय ते ठरवा, मग मी शेवटपर्यंत तसं सांभाळते." मी बोलायचं ठरवलं. त्या दिवसापासून सगळे 'ले' गेले आणि डोक्यावर टिंब आलं.

आईच्या बोलण्याची गोष्ट मात्र मी जन्मभर विसरणार नाही. मी तिच्या तोंडी लिहिलं होतं, "बाळा, ऊन फार आहे, आज तू येऊ नकोस." समासात तुमचे चारच शब्द: "आई खरंच असं म्हणाली?" मी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि शरमले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत शहरातल्या हॉस्पिटलात माझ्या बोलण्याला हसले होते. तेव्हा मी बोली सोडली ती सोडलीच. आता पुस्तक लिहायला बसले तर आईचीही सोडवून टाकली होती. तुम्ही म्हणालात, तिचं तिला परत द्या. मग मी लिहिलं, "आगं, ऊन लय हाय, आज नगं यिऊस." लिहिताना हात थरथरला. त्यानंतर तुम्ही तीन पानांची शब्दसूची केलीत. 'न्हाई' की 'न्हाय', 'हुती' की 'व्हती', एकेक शब्द मला फोनवर म्हणायला लावलात आणि मी जसा म्हटला तसा लिहून घेतलात. प्रमाणभाषेचे नियम लोक सांभाळतात. तुम्ही माझ्या आईच्या बोलीचेही तितक्याच कसोशीने सांभाळलेत. बोली म्हणजे वाट्टेल तसं लिहायचं नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

पुस्तकात मी आईला 'रोजगार हमीवर' पाठवलं होतं. तुम्ही तारीख धरलीत. दुष्काळ १९७२ चा, हमीचा कायदा १९७७ चा, आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. तुम्ही विचारलंत, मग त्या उन्हाळ्यात बायका त्या कामाला काय म्हणत होत्या? 'दुष्काळी काम', नाहीतर नुसतं 'खडीवर'. रोजगार हमीची कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांच्यावरचं माझं टिपण तुम्ही पुसलं नाहीत, शेवटच्या प्रकरणात नेलंत. काळाने ते तिथलंच होतं. 'भयाण', 'हृदयद्रावक' हे शब्द मात्र एकूण एक काढलेत. मी हट्ट केला तेव्हा माझंच एक पान मला परत पाठवलंत. त्यात मी ड्युटी सोडताना पुढच्या सिस्टरला रजिस्टरमध्ये लिहून द्यावं तसं लिहिलं होतं. किती वाजता मस्टरवर हजेरी घेतली, कोण गैरहजर, किती ब्रास खडी झाली, मुलांना सुकडी किती वाजता मिळाली. तुम्ही म्हणालात, "तुमचं लिहिणं हे आहे. ३४ वर्षं तुम्ही असंच लिहीत आलात." रजिस्टरमधलं ते लिहिणं लिहिणं असतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

आता पान ८७.

तिथे तुमची नोंद होती: "या पानावर आई खडी फोडते. पान ११२ वर, त्याच उन्हाळ्यात, ती कामावरच्या बायांना पाणी वाटते. काम कधी बदललं? कोणी बदललं?"

मला ही नोंद अगदी किरकोळ वाटली. 'पुढे तिला पाण्यावर लावलं' असं एक वाक्य घालून मोकळं व्हायचं माझ्या मनात होतं. पण तुमच्या त्या 'कोणी' ला उत्तर द्यायचं तर माहीत हवं. म्हणून रात्री आक्काला फोन केला. आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, ती तेव्हा आईच्या शेजारी बसून खडी फोडायची. मी विचारलं, आणि ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "तवा आई गरवार हुती."

आषाढात मुलगा झाला. नऊ दिवस जगला. मला त्या वेळी मामाकडे पाठवलं होतं. परत आले तेव्हा घर नेहमीसारखंच होतं, आणि मला कुणी काही सांगितलं नाही. नंतरही कधीच नाही. आई २०११ साली गेली.

ताई, प्राथमिक आरोग्य केंद्रात मी किती बाळंतपणं केली त्याची मोजदाद नाही. रात्रीची ड्युटी करून घरी आले की आई दारातच विचारायची, "बाळ-बाळंतीण खुशाल हायत का?" मी चपला काढता काढता 'हो' म्हणायची आणि झोपायला जायची. इतकी वर्षं ती ते का विचारत होती, हे मला तुमच्या समासातल्या दोन ओळींनी कळलं. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला, आणि काही न बोलता नुसती रडले. तुम्हीही काही बोलला नाहीत. 'याचं एक वेगळं प्रकरण करू या' असं म्हणाला असतात तर मी तेही केलं असतं. दोन दिवसांनी तुमचा निरोप आला, "घाई नाही. लिहावंसं वाटलं तरच लिहा. आक्कांना विचारून लिहा."

आक्का हो म्हणाली. मी दीड पान लिहिलं. माझ्या प्रत्येक पानावर तुमच्या निदान चार नोंदी असायच्या. या दीड पानावर फक्त एक स्वल्पविराम काढलेला होता.

सात महिने, दर रविवारी सकाळी एक तास. ७८ हजार शब्दांचे ५१ हजार झाले. ठरल्याप्रमाणे तुमचे पैसे मी दोन हप्त्यांत दिले. त्या जाडजूड कामापुढे ती रक्कम कमीच होती, आणि ज्यांना हे काम करून घ्यायचं आहे त्यांनी त्यात घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. पैशाने कामाचा मोबदला झाला. पण आक्काने ५० वर्षं एकटीने जपलेलं ते दुःख आता आम्ही दोघींनी वाटून घेतलंय, त्याचं काय देऊ? म्हणून हे पत्र. मी तुमची ऋणी आहे, ताई.

परवा पुस्तक घेऊन आक्काकडे गेले होते. तिला वाचता येत नाही. मी वाचत होते, ती शेंगा सोलत ऐकत होती. ते दीड पान आलं तेव्हा तिचे हात थांबले. मी पुढे वाचलं, 'मुकादमाने तिला पाण्यावर लावलं', आणि ती म्हणाली, "लावलं न्हवं. ठिवलं. तिचं नाव मस्टरातनं जाऊ नये म्हणून त्यानं तिला पाण्यावर ठिवलं. लय चांगला माणूस हुता."

छापील पुस्तकात पान ९४, खालून सहावी ओळ. 'लावलं' च्या जागी 'ठेवलं'. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हासाठी तुमच्या वहीत एवढं टिपून ठेवा.

तुमची,
सिस्टर